विद्यार्थ्यांनी संशोधन प्रकल्प कसा करावा : प्रश्नापासून अहवालापर्यंत

विद्यार्थ्यांचे संशोधन प्रकल्प बहुधा माहिती गोळा करण्याआधीच बिघडलेले असतात. विषय ठरतो, उत्साहाने प्रश्नावली वाटली जाते किंवा कुंड्या मांडल्या जातात, आणि हाती आकडे आल्यावर यातून नेमके काय विचारायचे होते हा विचार सुरू होतो. त्या वेळी दुरुस्तीला फारसा वाव उरलेला नसतो. म्हणून या लेखात प्रत्यक्ष निरीक्षणाआधी घ्यायच्या निर्णयांवर अधिक भर दिला आहे. प्रकल्प वनस्पतिशास्त्रातला असो की समाजशास्त्रातला, हे निर्णय बऱ्याच अंशी सारखेच असतात.

विषयाचा प्रश्न करा

‘मोबाइलचे विद्यार्थ्यांवरील परिणाम’ किंवा ‘क्षारयुक्त पाणी आणि वनस्पती’ हे विषय झाले. त्यांच्यावर संशोधन करता येत नाही, कारण त्यांचे उत्तर काय असू शकेल हेच ठरलेले नाही. ‘झोपण्यापूर्वीच्या एका तासात मोबाइल वापरणारे नववीचे विद्यार्थी, न वापरणाऱ्यांपेक्षा कमी झोपतात का?’ किंवा ‘पाण्यातील मिठाचे प्रमाण वाढवत नेल्यास मुळ्याच्या बियांपैकी किती कमी बिया उगवतात?’ हे प्रश्न आहेत. प्रश्न तयार झाला की नाही हे तपासण्यासाठी वहीत तीन गोष्टी लिहून पाहाव्यात : मी नेमके काय मोजणार किंवा नोंदवणार आहे, त्याची तुलना कशाशी करणार आहे, आणि काय आढळले तर माझा अंदाज चुकीचा होता असे मी मान्य करीन. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुचत नसेल, तर प्रश्न अजून लहान करायला हवा. उपलब्ध वेळ आणि साधने यांचा विचारही याच टप्प्यावर करावा.

प्रत्येक प्रकल्पाला गृहीतक, म्हणजे आधीच मांडलेला तपासण्याजोगा अंदाज, असलेच पाहिजे असे नाही. एखाद्या समूहातील लोक आपल्या अनुभवाचा अर्थ कसा लावतात हे मुलाखतींतून समजून घ्यायचे असेल, तर आधीच उत्तर गृहीत धरणे अडचणीचे ठरते. अशा प्रकल्पात कोणाशी, कशाबद्दल आणि का बोलायचे हे मात्र तितक्याच काटेकोरपणे ठरवावे लागते.

आधीचे काम वाचताना आढावा घेणाऱ्या लेखापासून सुरुवात करावी आणि मग पाच-सहा मूळ शोधनिबंधांतील कार्यपद्धतीचा भाग लक्षपूर्वक वाचावा. मोजण्याच्या पद्धती तिथेच सापडतात. ‘हे तर कोणीतरी आधीच केले आहे’ म्हणून निराश होण्याचे कारण नाही. मानसशास्त्रातील १०० प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्या एका मोठ्या सामूहिक प्रकल्पाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय (केवळ योगायोगाने सहसा न दिसणारा) परिणाम नोंदवला गेला होता. पुन्हा करताना तो सुमारे ३६ टक्क्यांतच आढळला. जुना प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा करणे हा विद्यार्थ्यासाठी पूर्णपणे योग्य आणि माझ्या मते फार कमी वापरला जाणारा मार्ग आहे.

प्रयोगाची आखणी

प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा, बाकीचे शक्य तितके सारखे ठेवावेत आणि काहीच न बदललेला नियंत्रित गट ठेवावा, हे बहुतेकांना माहीत असते. चूक होते ती पुनरावृत्तीच्या बाबतीत. एका ताटलीत साध्या पाण्यातील ५० बिया आणि दुसऱ्या ताटलीत खाऱ्या पाण्यातील ५० बिया ठेवल्या, तर विद्यार्थ्याला वाटते की आपल्याकडे प्रत्येकी ५० निरीक्षणे आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक प्रकारची एकच ताटली आहे. दुसरी ताटली खिडकीजवळ असल्यामुळे किंवा तिच्यातील कागद लवकर सुकल्यामुळे बिया कमी उगवल्या असतील, तर मिठाचा परिणाम आणि ताटलीचा परिणाम वेगळे करण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. त्याऐवजी दहा-दहा बियांच्या पाच-पाच ताटल्या घ्याव्यात आणि कोणती ताटली कुठे ठेवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात शेतातील प्रयोगांसाठी हीच यादृच्छिक वाटपाची पद्धत आग्रहाने मांडली. जमिनीचा कस जागोजागी बदलतो आणि आपल्या नजरेला तो फरक दिसत नाही, ही त्यांची अडचण आजही प्रत्येक प्रयोगाची अडचण आहे.

दुसरा धोका निरीक्षकाच्या अपेक्षेचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो असे मानले जात होते. ऑस्कार फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले की, प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोड्याचे उत्तर चुकते. विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचालींवरून घोडा कुठे थांबायचे हे ओळखत होता. म्हणून शक्य असेल तिथे ताटल्यांवर फक्त क्रमांक लिहावेत आणि कोणत्या क्रमांकात काय आहे हे ठाऊक नसलेल्या सहकाऱ्याकडून मोजणी करून घ्यावी. मुलाखत घेतानाही हे लक्षात ठेवावे, कारण मान डोलावणे, चेहऱ्यावर समाधान दिसणे यांनी उत्तरे वळतात.

लोकांकडून माहिती घेताना

सर्वेक्षणात किती लोक घेतले यापेक्षा ते कसे निवडले हे अधिक महत्त्वाचे असते. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि परत आलेल्या वीस लाखांहून अधिक पत्रिकांवरून अल्फ्रेड लँडन विजयी होतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारींच्या नोंदींतून घेतले होते, म्हणजे महामंदीच्या काळातील तुलनेने सुस्थित लोकांचे. शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्या मतांतही फरक होता. मित्रांच्या गटात फिरवलेल्या ऑनलाइन प्रश्नावलीत हेच दोन्ही दोष असतात. त्यापेक्षा वर्गांच्या हजेरीपटातून चिठ्ठ्या टाकून निवडलेले १०० विद्यार्थी कितीतरी भरवशाचे. अशा यादृच्छिक नमुन्यात टक्केवारीतील संभाव्य चूक ढोबळमानाने १०० जणांसाठी १० टक्के-बिंदू, तर ४०० जणांसाठी ५ टक्के-बिंदू असते. चूक निम्मी करायला माणसे चौपट लागतात.

प्रश्नांच्या शब्दरचनेत एकाच प्रश्नात दोन गोष्टी विचारू नयेत. ‘ग्रंथालय स्वच्छ आणि उपयुक्त आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर नाही कशाला? ‘नेहमी’, ‘कधीकधी’ हे शब्द प्रत्येकाच्या मनात वेगळे माप धरतात, म्हणून ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस’ असे विचारावे. प्रश्नावली छापण्याआधी पाच-सहा जणांवर पूर्वचाचणी घ्यावी आणि त्यांना प्रत्येक प्रश्नाचा काय अर्थ लागला हे मोठ्याने सांगायला लावावे. या एका तासात जे कळते ते पुढे कोणत्याही विश्लेषणातून भरून काढता येत नाही.

संमती आणि गोपनीयता हा औपचारिक भाग समजू नये. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांवर, त्यांना खरी माहिती न देता आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही उपचार न देता, अभ्यास चालू ठेवला गेला. त्यानंतर आलेल्या, माणसांवरील संशोधनाच्या नीतितत्त्वांविषयीच्या १९७९ च्या बेलमाँट अहवालाने माणसांचा आदर, हित आणि न्याय ही तत्त्वे मांडली. विद्यार्थ्याच्या पातळीवर याचा अर्थ असा की, अभ्यास कशासाठी आहे हे आधी सांगावे, मध्येच थांबण्याची मुभा द्यावी, सहभागी अल्पवयीन असल्यास पालकांची संमती घ्यावी, आणि नावांच्या जागी क्रमांक वापरून नावांची यादी वेगळी व सुरक्षित ठेवावी. माणसांवरील किंवा प्राण्यांवरील कामाला संस्थेची परवानगी लागते का, हे मार्गदर्शकांना सुरुवातीलाच विचारावे.

नोंदी आणि विश्लेषण

प्रत्येक नोंदीसोबत तारीख, वेळ, नोंद करणारी व्यक्ती आणि वापरलेले साधन लिहावे. चुकीचा आकडा खोडताना तो वाचता येईल अशी एकच रेघ मारावी. स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक निरीक्षण आणि एका स्तंभात एकच चल (मोजलेली किंवा नोंदवलेली एक बाब) ठेवावे. शून्य आणि ‘माहिती नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे रिकाम्या जागी शून्य भरू नये. मूळ तक्त्याची एक प्रत बाजूला ठेवून सारे काम दुसऱ्या प्रतीवर करावे.

गणित करण्याआधी आलेख काढावा. फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये सरासरी, विचरण (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) आणि सहसंबंध (दोन बाबी किती प्रमाणात एकत्र बदलतात याचे माप) जवळजवळ तंतोतंत सारखे असलेले चार आकडेसंच दाखवले. आलेखावर मात्र ते चारही पूर्णपणे वेगळे दिसतात. काही थोडी मूल्ये फार मोठी असतील, तर सरासरीबरोबर मध्यकही (मूल्ये क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे मूल्य) द्यावा. कोणते विश्लेषण करणार हे आधी लिहून ठेवावे, कारण ०.०५ ही लक्षणीयतेची पातळी (म्हणजे फरक नसतानाही एखादी तुलना ‘लक्षणीय’ निघण्याची ५ टक्के शक्यता) धरून २० स्वतंत्र तुलना केल्या, तर प्रत्यक्षात काहीच फरक नसतानाही किमान एक तुलना ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. सर्वेक्षणातून मोबाइल आणि झोप यांचा संबंध दिसला, तरी मोबाइलमुळे झोप कमी झाली असे म्हणता येत नाही. झोप न येणारेच मोबाइल उचलत असतील.

मुलाखतींचे काम वेगळे असते. एका तासाच्या मुलाखतीचे शब्दांकन करायला चार तास तरी धरावेत, आणि त्यातून वारंवार येणारे मुद्दे शोधताना त्यांच्याशी न जुळणारी विधानेही तितक्याच काळजीने नोंदवावीत.

अहवाल

लिहिताना कार्यपद्धतीपासून सुरुवात करावी, मग निष्पत्ती, चर्चा आणि प्रस्तावना, व सारांश सगळ्यात शेवटी. कार्यपद्धती इतकी स्पष्ट असावी की अनोळखी वाचकाला तोच अभ्यास पुन्हा करता यावा. अंदाज खरा ठरला नाही तर तेही सरळ लिहावे. नीट आखलेल्या अभ्यासात फरक न आढळणे हीसुद्धा माहितीच असते. मर्यादा सांगताना ‘वेळ कमी होता’ असे मोघम लिहून थांबू नये, तर त्या मर्यादेमुळे निष्कर्ष कोणत्या दिशेने झुकला असू शकेल हे सांगावे. अहवालासोबत प्रश्नावलीची प्रत, नावे काढून टाकलेला मूळ तक्ता आणि सुरुवातीला लिहिलेला आराखडा जोडावा, म्हणजे परीक्षकाला ठरवलेले आणि केलेले यांतील फरक स्वतः पाहता येईल.