पेनसिल्व्हेनियात रानटर्की: आधी कागद, मग बंदूक, मग पातेलं

मे महिना लागला की ऑफिसातला एखादा स्थानिक मित्र म्हणतोच, "शनिवारी टर्कीला येतोस का?" नवीन माणूस उत्साहात कॅमो जॅकेट घेतो, पहाटे जाऊन मित्राची बंदूक हातात धरतो. गुन्हा तिथेच झालेला असतो, पक्षी दिसो न दिसो.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं जवळ असणं हाच फेडरल गुन्हा आहे. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, शिवाय देशाबाहेर काढलं जाण्याची टांगती तलवार. स्वतःची बंदूक नाही, नेमबाजीच्या रेंजवर पाच मिनिटं भाड्याने घेतली, हा बचाव नाही. आपल्या कामाची सूट एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणून क्रम कायम हाच: हंटर एज्युकेशन कोर्स, परवाना, मग बंदूक. दुकानात बंदूक घेताना फॉर्म ४४७३ हा फेडरल फॉर्म भरावा लागतो, तेव्हाही तोच परवाना दाखवावा लागतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

खरा फास पुढे आहे. पेनसिल्व्हेनियाचा परवाना ३० जूनला संपतो. टर्कीचा हंगाम मेअखेर आटोपतो, बंदूक कपाटात जाते, परवाना कुणाच्या लक्षात राहत नाही आणि १ जुलैला कपाटातली तीच बंदूक बेकायदा ठरते. नवा परवाना जूनमध्येच विक्रीला येतो, तेव्हाच काढून ठेवा. "कोण बघतंय" म्हणणारे आपल्यात ढीगभर आहेत, त्यांचं इतर काहीही ऐका, हे ऐकू नका. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नव्हे.

जागेचा प्रश्न सोपा आहे. स्टेट गेम लँड्स, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या राज्याच्या जमिनी, सर्वांना खुल्या आहेत. खासगी शेतावर मात्र आधी मालकाला विचारा. समोर जाऊन नीट विचारलं तर इथले शेतकरी बरेचदा हो म्हणतात. न विचारता घुसलात तर संपलं.

वसंतात फक्त दाढीवाला पक्षी मारता येतो. दाढी म्हणजे छातीवर लोंबणारा काळा, राठ झुपका. आवाज देऊन त्याला जवळ बोलवायचं, आवाजाच्या मागावर रांगत जायचं नाही. इथे ते बेकायदा आहे आणि जीवघेणंही, कारण तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, रुमालसुद्धा नको. नराचं डोकं याच रंगांचं असतं. पाठीला खांद्यांपेक्षा रुंद झाड घ्या. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, मोठ्याने हाक मारा.

सुरुवातीला बॉक्स कॉल, म्हणजे टर्कीचा आवाज काढणारी लाकडी डबी, पुरतो, आणि तो कमी वाजवा. टर्कीला वास फारसा येत नाही, नजर मात्र भयंकर तीक्ष्ण. बारा बोअर, फुल चोक (छरे फार पसरू न देणारं नळीचं अरुंद तोंड), लेडचे ५ नंबरचे छरे. ४० यार्डांवर कागद लावून छरे कसे पसरतात ते आधी तपासा. नेम पिसं संपून उघडी मान सुरू होते तिथे. अंगावर मारलं तर पक्षी जखमी होऊन पळतो किंवा छातीचं मांस छऱ्यांनी भरतं. पडल्यावर लगेच परवान्याबरोबरचा टॅग पक्ष्याला लावा, १० दिवसांत नोंद करा. घरी आल्यावर अंगावर गोचिडी शोधा, लाइम रोगाचं हे राज्य आहे.

मेच्या उन्हात पक्षी गाडीत तसाच ठेवू नका. गुदद्वाराभोवती कापून आतडी काढा, पित्ताशय फुटू देऊ नका, कलेजी-पेटा वेगळा ठेवा. मानेखालची दाण्यांची थैली विसरली तर ती आंबते आणि मांसाला वास मारतो. मग पोटात बर्फाच्या पिशव्या. सोलायचं असेल तर थंड झाल्यावर. पिसं काढायची असतील तर ६० ते ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात मिनिटभर बुडवा. त्याहून गरम पाण्यात कातडी फाटते.

वसंतातल्या थोराड नराच्या छातीवर पिवळसर, स्पंजासारखा चरबीचा थर असतो. तो सगळा खरवडून टाका.

दुकानातल्या टर्कीसारखा हा अख्खा भाजायचा नाही. छाती शिजेपर्यंत तंगड्या चामडं राहतात, तंगड्या शिजेपर्यंत छातीचा भुसा होतो. छाती लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, आडव्या धाग्याने बोटभर जाड कापा, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शेवटी टाका. आतलं तापमान ७४ अंश सेल्सियस झालं की गॅस बंद. वाटणात मीठ हात राखूनच.

तंगड्यांत हाडासारख्या कडक शिरा असतात, त्या कच्च्या ओढत बसू नका. आलं-लसूण, हळद, मीठ लावून पाण्यात कुकरला लावा, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ४५ मिनिटं. मांस सुटून येतं, शिरा काड्यांसारख्या वेगळ्या निघतात. सांगाडाही त्यातच टाका, त्या अळणीचा पांढरा रस्सा कोंबडीच्या रश्श्याला मागे टाकतो. पोरांना वाढण्याआधी रस्सा गाळून छरे राहिलेत का ते बघा.