वजनाचा कॉलम पूर्णांकात टाकू नका

जळगाव-धुळ्याकडे कापसाच्या किंवा केळीच्या खरेदीची यादी पॉवर क्वेरीत (एक्सेलमध्ये डेटा आणून नीट करण्याचं साधन) घेताना एक गोष्ट आवर्जून बघा. कॉलमचा प्रकार ते पहिल्या २०० ओळी पाहून ठरवतं. तेवढ्यात सगळी वजनं १२, १५, २० क्विंटल अशी पूर्ण आली, की कॉलम पूर्णांकाचा होतो आणि पुढचं १८.३५ मुकाट्याने १८ होतं. एरर येत नाही, हेच खरं धोक्याचं. भाव ७,००० धरला तर त्या एका वजनात शेतकऱ्याचे २,४५० रुपये गेले. म्हणून वजनाला दशांश प्रकार स्वतः निवडा. रुपयांसाठी मात्र 'फिक्स्ड डेसिमल' बरा. तो चार दशांश स्थळं नेमकी धरतो. साध्या दशांशात ०.१ आणि ०.२ ची बेरीज तंतोतंत ०.३ येत नाही, मग हिशेब जुळवताना पैशापैशाला अडतं.

बँक खाते क्रमांक आणि गट नंबर यांची बेरीज कोणी करत नाही, तेव्हा ते सरळ टेक्स्टच ठेवा. नाहीतर खात्याचं सुरुवातीचं शून्य उडतं, आणि गट नंबर १२/२ टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं.