हीटिंग कधी लावायचं? पानगळीत होणाऱ्या या चुका टाळा

थंड प्रदेशात पानगळ सुरू झाली की घराघरांत एकच वाद पेटतो. एकाला हुडहुडी भरलेली असते, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे बिल नाचत असतं, आणि हीटिंग कधी लावायचं हे शेवटी घरातला सगळ्यात हट्टी माणूस ठरवतो. लोकांच्या घरचे बॉयलर (पाणी तापवणारं यंत्र) आणि रेडिएटर (ज्यांतून ते गरम पाणी फिरून खोली तापते त्या भिंतीवरच्या पेट्या) दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. दर पानगळीला माणसं बदलतात, घोळ मात्र तेच. ते टाळले तर घर आणि तब्येत दोन्ही जपली जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कॅलेंडर बघून ठरवणं

"अमुक तारखेच्या आत हीटिंगला हात लावायचा नाही" असा पण करणारे मला दर वर्षी भेटतात. तारीख तीच राहते, हवा दर वर्षी वेगळी असते. याच्या उलट टोकाचे लोकही असतात. एक रात्र गारठ्याची गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे रेडिएटर पूर्ण उघडे.

एका रात्रीच्या आकड्यावर जाऊ नका. आकाश निरभ्र असलं की जमिनीतली ऊब भराभर निघून जाते आणि पहाटे पारा घसरतो. पण त्याच निरभ्र आकाशामुळे दिवसा ऊन मिळतं. पानगळीत सूर्य खाली आलेला असल्यामुळे ते ऊन खिडकीतून खोलवर येतं. वीट किंवा काँक्रीटच्या जाड भिंतींनी उन्हाळाभर साठवलेली ऊबही एका रात्रीत संपत नाही. हलक्या बांधणीचं लाकडी घर मात्र लवकर निवतं. शेजाऱ्याने हीटिंग लावलं म्हणून आपणही लावायचं, यात काही अर्थ नाही तो यामुळेच.

रशियातल्या बहुतेक शहरांत मोठ्या केंद्रांतून घराघरांत गरम पाणी पुरवतात. तिथला नियमसुद्धा सलग पाच दिवसांची सरासरी बघतो: बाहेरचं दिवसभराचं सरासरी तापमान पाच दिवस ८ अंशांच्या खाली राहिलं की पुरवठा सुरू. हा ८ चा आकडा उचलून घरी वापरू नका, तो तिथल्या व्यवस्थेपुरता आहे. पण सलग काही दिवस बघायची पद्धत घेण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये हीटिंगची गरज मोजताना १५.५ अंश हा पाया धरतात. बाहेर तेवढं तापमान असेल तर माणसांची ऊब, स्वयंपाक, फ्रिज, दिवे आणि ऊन मिळून घर आणखी दोन-तीन अंश वर नेतात, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे बाहेरची सरासरी पंधरा-सोळाच्या वर आहे तोवर बहुतेक घरांना खिडक्या वेळेवर लावणं आणि स्वेटर घालणं पुरतं.

माझी पद्धत साधी आहे. ज्या खोलीत माणसं झोपतात किंवा बसतात, त्यांतली सगळ्यात गार खोली निवडायची. आतल्या भिंतीवर, खिडकीपासून आणि उन्हापासून लांब, छातीच्या उंचीवर थर्मामीटर लावायचा. आर्द्रताही दाखवणारा मिळाला तर उत्तमच. सकाळी उठल्या उठल्या आकडा बघायचा. सलग तीन सकाळी १८ च्या खाली दिसला की हीटिंग सुरू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश राखायला सांगितलं आहे. म्हातारी माणसं, लहान मुलं आणि आजारी माणसं यांना त्याहून जास्त लागू शकतं. घरात तान्हं बाळ किंवा आजी-आजोबा असतील तर तीन सकाळी थांबायचंच नाही. त्यांना गारठा वाजला की लावा, तिथे बचतीचा विषय काढू नका.

सहन करत बसणं

ही चूक बघून मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण ती मेहनती, काटकसरी माणसंच करतात.

नव्याने राहायला आलेल्या एका तरुण जोडप्याचा मला फोन आला. "काका, बेडरूमच्या भिंतीतून पाणी येतंय. पाइप फुटलाय बहुतेक." मी पोहोचलो तेव्हा एका कारागिराने आधीच प्लास्टर फोडून ठेवलं होतं. आतला पाइप कोरडा ठणठणीत. पानगळ संपत आली तरी घरात हीटिंग बंद, दोघं जॅकेट घालून बसलेले, खिडक्या घट्ट लावलेल्या आणि बेडरूममध्येच स्टँडवर धुतलेले कपडे वाळत घातलेले. बाहेरच्या कोपऱ्याच्या भिंतीला कपाट अगदी चिकटून होतं. ते ओढलं तर मागे खालपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत काळी बुरशी. कपाटातल्या लोकरी कोटाच्या कॉलरवर राखाडी लव आली होती, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट ठिपके होते. मी मोजलं: खोलीत १७ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता, कपाटामागच्या भिंतीला ११ अंश.

या तीन आकड्यांत सगळं आलं. गरम हवेत वाफ जास्त मावते. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं, १० अंशांच्या हवेत जेमतेम ९ ग्रॅम. त्यांच्या खोलीतल्या हवेचं पाणी साधारण साडेबारा अंशांना सुटायला लागणार होतं आणि भिंत होती ११ वर. म्हणजे त्या भिंतीवर रोज दव पडत होतं. बुरशीला तर एवढंही लागत नाही. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते, डोळ्यांना पाणी दिसो न दिसो.

मी समजावून आलो, तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी घाईघाईने थर्मोस्टॅट (घरात किती तापमान हवं ते ठरवणारं बटण) २६ वर नेला. घाईने काम बिघडतं ते असं. हवा तासाभरात तापते, भिंतीला दिवस लागतात. तापलेली हवा कपडे, गादी, प्लास्टर यांतली ओल ओढून घेते आणि घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात नेऊन सोडते. खिडकीच्या काचांवरून ओघळ वाहायला लागले तेव्हा त्यांचा पुन्हा फोन आला.

मी त्यांना करायला लावलं ते असं. थर्मोस्टॅट १८ वर ठेवून हीटिंग दिवसरात्र चालू. कपाट भिंतीपासून हातभर पुढे. दिवसातून दोन-तीन वेळा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं वारा खेळवायचा आणि मग पूर्ण बंद करायच्या. दिवसभर खिडकी बोटभर उघडी ठेवण्याची सवय मोडायची, कारण त्याने खिडकीभोवतीची भिंत तेवढी गार पडते. कपडे बाथरूममध्ये, दार लावून, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून वाळवायचे. भांड्यांवर झाकण. भिंत सुकायला काही आठवडे गेले, त्यानंतरच रंग लावू दिला. ओल्या भिंतीवर बुरशीरोधक रंग फासून मोकळं होणं हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. रंगाखाली ती वाढतच राहते.

बचत करायची असेल तर १८ च्या खाली न जाता तापमान एक-दोन अंश कमी ठेवा, न वापरत्या खोलीत आणखी थोडं कमी ठेवा. पण घर पूर्ण थंड होऊ देऊ नका.

पहिल्या कडाक्याच्या रात्री पहिल्यांदा बटण दाबणं

हीटिंग लावणं आणि हीटिंग तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. तपासणी उन्हाळा सरता सरता, घर उबदार असतानाच उरकायची. थर्मोस्टॅट वर करा, अर्धा तास चालवा, पुन्हा खाली आणा. पहिली थंडी पडते त्या आठवड्यात सगळ्या गावाचे बॉयलर एकदम कुरकुरतात आणि कुठलाच मेकॅनिक लवकर हाती लागत नाही.

अर्ध्या तासाने प्रत्येक रेडिएटरला हात लावून बघा. खाली गरम आणि वर गार असेल तर आत हवा अडकली आहे. वर गरम आणि खाली मधोमध गार असेल तर तळाशी गाळ बसला आहे. त्यावर हवा काढून उपयोग नाही, माहीतगाराकडून यंत्रणा धुऊन घ्यावी लागते. बाकीचे सगळे गरम आणि एकच पूर्ण गार असेल तर बहुधा व्हॉल्व्हची (रेडिएटरमध्ये येणारं पाणी कमी-जास्त करणाऱ्या तोटीची) पिन उन्हाळाभर दाबली जाऊन अडकलेली असते. वरची आकड्यांची टोपी काढा आणि एखाद्या सपाट वस्तूने पिन हलकेच दाबून सोडा, असं काही वेळा करा. ती स्प्रिंगसारखी परत वर यायला हवी. पकडीने ओढू नका, काही व्हॉल्व्हमध्ये ती हातात येते आणि मागून पाणी. उन्हाळ्यात व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवले तर हा त्रास सहसा होत नाही.

हवा काढताना घाई करणाऱ्यांनी किती कार्पेट वाया घालवले असतील! एका घरी मालकाने पंप चालू असतानाच, रेडिएटर तापलेला असताना, हवा सोडायचा स्क्रू फिरवत फिरवत पूर्ण बाहेर काढला. तो सोफ्याखाली घरंगळला आणि काळंशार गरम पाणी फिकट कार्पेटवर फवारलं. अंगठ्याने भोक दाबून ते मला फोनवर विचारत होते, आता काय करू. मी आधी बॉयलर बंद करायला लावला, मग रेडिएटरचे दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह. हे काम शांतपणे केलं तर पाच मिनिटांचं आहे. यंत्रणा बंद करून गार होऊ द्या. खाली फडकं आणि वाटी धरा. किल्लीने स्क्रू पाव ते अर्धा फेरा फिरवा, सूं आवाज येईल. पाण्याची सलग धार दिसली की बंद करा. खालच्या मजल्यापासून सुरुवात करा. मग बॉयलरचा प्रेशर बघा. यंत्रणा गार असताना तो साधारण १ ते दीड बार (दाब मोजायचं एकक) हवा. ३ बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर टाकतो, म्हणून भरताना काट्यावरून नजर हलवू नका.

दर आठवड्याला पाणी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधा. प्रत्येक वेळी भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो, लोखंड गंजतं आणि त्याचाच गाळ होतो.

बाकीच्या चुका थोडक्यात

थर्मोस्टॅट ३० वर नेल्याने घर लवकर तापत नाही. साधा बॉयलर तेवढ्याच जोराने चालतो, फक्त उशिरा थांबतो.

बॉयलरमधून रेडिएटरला जाणारं पाणी पानगळीतही ७०-८० अंशांवर ठेवू नका. या दिवसांत ५०-५५ बहुतेक घरांना पुरतं. कंडेन्सिंग बॉयलरचा (धुरातल्या वाफेची ऊबही वापरणाऱ्या बॉयलरचा) खरा फायदा परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तेव्हाच मिळतो. नळाच्या गरम पाण्याची टाकी वेगळी असेल तर ती मात्र ६० वरच ठेवा, कोमट साठ्यात न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात.

हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणणारं यंत्र) असेल तर बाहेरच्या युनिटभोवतीची पानं झाडून घ्या, आतले फिल्टर धुवा, आणि सारखं चालू-बंद करणं सोडा. तो मंद आणि सलग चालण्यासाठीच असतो.

दोन हजार वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. तो भिंतीच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्डला कधीच नाही. पडदे आणि अंथरूण मीटरभर लांब.

रेडिएटरवर कपडे पसरणं आणि त्याच्यापुढे सोफा ठेवणं, दोन्ही बंद करा.

ज्योत जिथे आहे तिथे शॉर्टकट नाही

गॅस, तेल, लाकूड, कोळसा, काहीही जळत असेल तर पहिल्या पेटवणीच्या आधी धुराडं साफ करून तपासून घ्या. उन्हाळ्यात त्यात पक्षी घरटी करतात. लाकडाच्या शेगडीच्या धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि तो पेट घेऊ शकतो. गार वारा येतो म्हणून भिंतीतली हवेची जाळी चिकटपट्टीने बंद केलेली मी पाहिली आहे. त्या घरातल्या आईंना रोज संध्याकाळी डोकं दुखायचं, मळमळायचं, आणि बाहेर फिरून आलं की बरं वाटायचं. ही कार्बन मोनॉक्साईडची लक्षणं आहेत. या वायूला रंग नाही, वास नाही. गॅसची ज्योत निळीऐवजी पिवळी लवलवताना दिसली किंवा उपकरणाभोवती काजळी धरली तर ते लगेच बंद करा. खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, डॉक्टरांना दाखवा आणि तपासणी होईपर्यंत ते पुन्हा पेटवू नका. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावाच. आधीपासून असेल तर बटण दाबून आवाज ऐका आणि मागे छापलेली मुदत वाचा, आतला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो.

हीटिंग सुरू केल्यावर मध्येच चार दिवस ऊन पडलं तर काय, हेही बरेच जण विचारतात. मुख्य स्विच बंद करत बसू नका. थर्मोस्टॅट १८ वर राहू द्या, घर तेवढं उबदार असेल तर बॉयलर आपोआप पेटत नाही. रेडिएटरचे व्हॉल्व्हही आहेत तसेच ठेवा.