देवबाग-मालवणला जाताना आधी तिथी बघा

मालवणला येणारे बरेच पाहुणे सगळा दिवस घड्याळावर आखून येतात: दहाला सिंधुदुर्ग किल्ला, एकला जेवण, चारला त्सुनामी आयलंड. आणि चारला होडीवाला सांगतो की आयलंड पाण्याखाली आहे. खाडीच्या तोंडावरच्या गावात दिवस भरती-ओहोटीवर चालतो, तेव्हा खोली आरक्षित करण्याआधी दिनदर्शिकेत तिथी बघावी.

कर्ली नदी देवबागच्या टोकाला समुद्राला मिळते. त्याआधी ती किनाऱ्याला समांतर वाहते. म्हणून तारकर्लीच्या पुढे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी उरते. संगमाच्या पलीकडच्या तीरावर भोगवे, म्हणजे वेंगुर्ले तालुका.

भरतीचा हिशेब किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते, दिवसाची आणि रात्रीचीही. तृतीयेला तीन पाऊण सव्वादोन, दशमीला दहा पाऊण साडेसात. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. ओहोटीला इथे सुकती म्हणतात. अर्धा तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत जावं तसं पाणी उशिरा चढतं. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणून आदल्या दिवशीची वेळ दुसऱ्या दिवशी वापरू नका.

यावरून दिवस असा बेतायचा. त्सुनामी आयलंड हा खाडीतला वाळूचा पट्टा आहे. तो पाहायला सुकती हवी. तृतीया-चतुर्थीला सकाळी साडेआठ-सव्वानऊच्या सुमारास पट्टा उघडा असतो, ऊनही कोवळं असतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढउतार थोडा, त्यामुळे पट्टा तितकासा मोकळा होत नाही. कांदळवनातून होडीने फिरायचं असेल तर उलट: नवमी-दशमीला सकाळी पावणेसात ते साडेसातला पाणी भरलेलं असतं, होडी फांद्यांखाली आतपर्यंत जाते आणि खंड्या, बगळे जवळून दिसतात. सुकतीला गेलात तर नुसता चिखल दिसेल.

संगमावर पोहू नका. पाणी ओसरायला लागल्यापासून तिसऱ्या-चौथ्या तासाला ओढ सर्वांत जास्त असते आणि ती सरळ समुद्राकडे नेते. वाळूचा उतार दर मोसमात बदलतो; गेल्या वर्षी गुडघाभर पाणी होतं तिथे यंदा डोक्यावर असू शकतं. डुंबायचंच असेल तर तारकर्लीच्या किनाऱ्यावर, तेही स्थानिक माणसाला विचारून.

पोचायचं कसं? कोकण रेल्वेने कुडाळला उतरणं सर्वांत सोयीचं. तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर, एसटीने तासभर. स्वतःची गाडी असेल तर नेरूरपार-धामापूर मार्गे या आणि धामापूरच्या तलावावर, भगवती मंदिरापाशी अर्धा तास थांबा. मालवणहून तारकर्ली सहा-सात किलोमीटर, देवबाग त्याच्या पुढे. पैसे मालवणच्या बाजारातच काढून ठेवा.

सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर झाली. पायाचे दगड शिसं ओतून बसवले. किल्ल्याचा विस्तार सुमारे ४८ एकर, तटाची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी हा एक. मालवण जेटीवरून होडी दहा-पंधरा मिनिटांत नेते आणि बहुतेक होड्या परतीसाठी तासाभराचीच मुदत देतात. उतरतानाच होडीचा क्रमांक लिहून घ्या. तासात सगळा तट होत नाही, म्हणून क्रम ठरवून चला. आधी महादरवाजा: तो समोरून दिसतच नाही, वळण घेतल्यावर अचानक पुढे येतो, तिथे जरा थांबून रचना पाहा. मग तटावर चढून चुन्यातले हाताचे आणि पायाचे ठसे. त्यानंतर राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर. इथली शिवाजी महाराजांची मूर्ती दाढीविना आहे. शेवटी दूधविहीर, साखरविहीर आणि दहीविहीर. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, हे पाहिल्याशिवाय परतू नका. सावली कमी आहे, टोपी हवीच.

दांडीच्या किनाऱ्यावरून सुकतीला पद्मगड या छोट्या जलदुर्गापर्यंत चालत जाता येतं. मात्र पाणी अजून उतरत असतानाच निघायचं आणि भरती लागायच्या आत परत यायचं. फोटोंच्या नादात रेंगाळलेले लोक तिथेच अडकतात.

किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. पाणी सर्वांत नितळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यातही सकाळी, वारा सुटण्याआधी. स्कूबा करणार असाल तर पोट हलकं ठेवा, आणि त्यानंतर १८ तास विमानात बसू नका. चिपी विमानतळावरून परतीचं तिकीट काढताना हे लक्षात असू द्या. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख दरवर्षी वेगळी ठरते. त्या दिवसांत खोली मिळणं कठीण. गणपतीत घरगुती खानावळी बहुधा बंद, कारण घरचीच माणसं सणात.

आता जेवण. सोमवार, गुरुवार आणि संकष्टीला बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. त्या दिवशी घावणे, काळ्या वाटाण्याची आमटी, मार्च-एप्रिल असेल तर ओल्या काजूची उसळ मागा. ओले काजू तेवढेच दिवस मिळतात, ते सोडून पनीर मागवू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीतले शेवटे, काळुंदर, कुर्ल्या खा. त्या काळात ताटात मोठी इसवण, म्हणजे सुरमई, आली तर ती बहुधा बर्फातली.

किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर थांबा. दोन्ही टोकांचे दोर दोन टोळ्या ओढतात, मधला जाळ्याचा फुगवटा हळूहळू जवळ येतो आणि ओढणाऱ्यांना वाटा मिळतो. मासे तिथेच विकत घेता येतात; घरगुती निवासात बहुतेक ठिकाणी शिजवून देतात, पण सकाळीच विचारून ठेवा. बांगडा डोक्याकडून आडवा धरा: शेपूट ताठ राहिली तर ताजा, लोंबली तर सोडा. कल्ले लाल, डोळा चकचकीत हवा. कुर्ली हातात घेऊन वजन बघा. अमावास्येला भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ असते, असं इथे म्हणतात. तिसऱ्यांची उघडी शिंपली टिचकी मारूनही मिटत नसेल तर टाकून द्या.

बांगड्याचं तिखलं घरी गेल्यावरही जमेल. चार मध्यम बांगड्यांना एक वाटी ओलं खोबरं, आठ भिजवलेल्या सुक्या मिरच्या, चमचाभर धणे आणि अर्धा चमचा हळद एकत्र गंधासारखं बारीक वाटा. आठ-दहा तिरफळं फोडून आतली काळी बी काढून टाका; सालं पाण्यात ठेचून घ्या. बी राहिली की कडवट लागतं, आणि तिरफळ वाटणात घातलं की वास सगळ्यावर चढतो. वाटणाला उकळी आली की मासे, तिरफळाचं पाणी, मीठ आणि चार-पाच आमसुलं घाला. सात-आठ मिनिटं पुरतात. डाव घालू नका, मासा मोडतो. टोप धरून हलवा. उतरवताना चमचाभर कच्चं खोबरेल.

सोलकढी कधीही गरम करायची नाही, नारळाचं दूध फुटतं. घरी करायला बाजारातून आगळ, म्हणजे कोकमाचा रस, आणणार असाल तर बाटलीवरचं नाव नीट वाचा: आगळ खारट असतं आणि ते कढीचं, अमृतकोकम गोड असतं आणि ते सरबताचं. दोन्ही बाटल्यांचा रंग सारखाच दिसतो.