हिमवादळात घरी अडकून पडावे लागल्यास : तयारी कशी करावी आणि ते दिवस कसे काढावेत

२३ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला वसलेल्या बफलो शहरावर जे हिमवादळ कोसळले, ते दीड दिवसाहून अधिक काळ क्षणभरही उसंत न घेता घोंगावत राहिले. नाताळ उलटेपर्यंत तेथील विमानतळावर सुमारे ५२ इंच, म्हणजे १३० सेंटिमीटरहून अधिक बर्फ पडला आणि शहर व परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. बफलोला बर्फ नवा नाही. तेथील लहान मुलेही फावडे हाती धरून मोठी होतात. तरीही काही जण रस्त्यात रुतलेल्या मोटारीत गोठले, काही थंड पडलेल्या घरात मरण पावले, काहींचे हृदय बर्फ उपसताना बंद पडले, आणि काही तास तर अशी परिस्थिती होती की अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिका यांनाही घरांपर्यंत पोहोचता येत नव्हते. घराबाहेर न पडणे हा पहिला नियम आहेच. परंतु बाहेरून मदत येणार नाही असे धरून घरात तीन ते चार दिवस सुखरूप राहता येईल अशी व्यवस्था करणे, हे त्याहून महत्त्वाचे काम आहे. महाराष्ट्रातून थेट अशा प्रदेशात आलेल्या कुटुंबांना हे काम कोणी शिकवलेले नसते, म्हणून ते येथे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी : इशाऱ्याचा अर्थ समजून घ्यावा

अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा मुख्यतः दोन प्रकारचे इशारे देते. ‘वॉच’ म्हणजे वादळाची शक्यता आहे, तयारीला लागावे. ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ येऊन ठेपले आहे किंवा सुरू झाले आहे. खरेदी, औषधे, पेट्रोल ही सर्व कामे ‘वॉच’ असतानाच उरकावीत, कारण ‘वॉर्निंग’ लागेपर्यंत दुकानांतील पाणी आणि दूध बहुधा संपलेले असते. ‘ब्लिझार्ड’ हा शब्द बर्फ किती पडला यावरून ठरत नाही, हेही लक्षात घ्यावे. ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर वेगाचा वारा आणि पाव मैलाहून कमी दृश्यमानता ही स्थिती किमान तीन तास टिकली, तर ते ब्लिझार्ड. आकाशातून नवा बर्फ पडत नसतानाही जमिनीवरचा भुरभुरीत बर्फ उडून समोरचे घर दिसेनासे होऊ शकते.

सरोवरांकाठच्या बर्फाची रीत आणखी निराळी आहे. अतिशय थंड वारा बफलोलगतच्या ईरी सरोवराच्या तुलनेने उबदार पाण्यावरून वाहत येतो, वाटेत बाष्प उचलतो आणि काठावर पोहोचताच ते बर्फाच्या रूपाने ओततो. हा पट्टा चिंचोळा असतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफलोच्या दक्षिणेकडील उपनगरांत पाच फुटांहून अधिक बर्फ साचला, तेव्हा काही मैल उत्तरेला जेमतेम काही इंच पडला होता. त्यामुळे त्याच शहरात राहणाऱ्या स्नेह्याने ‘आमच्याकडे तर काहीच नाही’ असे फोनवर सांगितले, तरी त्यावरून आपला निर्णय घेऊ नये.

दुसरी पायरी : न शिजवता खाता येईल असे अन्न, पाणी आणि औषधे

वीज गेली की इलेक्ट्रिक शेगडी, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन हे सर्व एकाच वेळी बंद पडते. गॅसची शेगडी असेल तर बहुतेक मॉडेलचे वरचे बर्नर काडीने पेटवता येतात, परंतु त्यावर विसंबून राहू नये. या बाबतीत मराठी स्वयंपाकघर फार भाग्यवान आहे, असे मला मनापासून वाटते. प्रवासाच्या शिदोरीची आपली सगळी परंपरा अशा दिवसांसाठीच घडली असावी. सातूचे पीठ गूळ आणि पाण्यात कालवले की पोटभर जेवण होते. पातळ पोह्यांचे दडपे पोहे विस्तवाशिवाय होतात. दुधात भिजवलेल्या दशम्या, गुळाच्या पोळ्या, डिंकाचे किंवा शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, मेतकूट, कोरड्या चटण्या हे सर्व चार दिवस सहज टिकते, आणि थंडीत अंगाला हवी असलेली ऊर्जा तेल, तूप व गूळ यांतून मिळते. ‘वॉच’ लागलेल्या दिवशीच दशम्या करून ठेवाव्यात, आणि वादळाच्या सकाळी वीज असेतोवर सर्व थर्मास उकळत्या पाण्याने भरून घ्यावेत. तान्ह्या बाळाचे दूध आणि लंगोट मोजून आणावेत, अंदाजाने नव्हे.

पिण्यासाठी आणि किरकोळ वापरासाठी दर माणशी दररोज एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर पाणी साठवावे. घराला विहिरीचे पाणी असेल तर वीज जाताच पंप थांबतो, म्हणून अशा घरांनी बाथटबही भरून ठेवावा. बाहेर एवढा बर्फ असताना पाण्याची काय चिंता, असे वाटण्याची शक्यता आहे. परंतु ताज्या भुरभुरीत बर्फाची बादली वितळली की साधारण तिच्या दहाव्या हिश्श्याएवढेच पाणी हाती लागते. संडासात ओतायला ते ठीक, पिण्यासाठी त्यावर भिस्त ठेवू नये.

भारतातून आलेले आई-वडील घरी असतील तर त्यांच्या रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या किमान आठवडाभर पुरतील का, हे त्यांच्यासमोर बसून मोजावे. भारतातील चिठ्ठीवर येथील दुकानदार औषध देत नाही, त्यामुळे ऐनवेळी धावाधाव करूनही उपयोग होत नाही. इन्सुलिन थंड जागी ठेवायचे असले तरी ते एकदा गोठले की निकामी होते, म्हणून ते खिडकीत किंवा गॅरेजमध्ये ठेवू नये. डायलिसिस चालू असेल किंवा बाळंतपण जवळ आले असेल, तर वादळापूर्वीच डॉक्टरांशी बोलून रुग्णालयाजवळ मुक्काम हलवणे बरे.

तिसरी पायरी : ऊब टिकवावी

नव्याने आलेल्या अनेकांचा असा समज असतो की घर गॅसने तापते, त्यामुळे वीज गेली तरी काळजी नाही. तसे नसते. फर्नेसमध्ये, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीत, जळतो गॅस, पण गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा आणि ज्योत सांभाळणारी यंत्रणा विजेवर चालते. वीज गेली की फर्नेसही थांबते. म्हणून वादळ पोहोचण्याआधीच थर्मोस्टॅट (घराचे तापमान ठरवणारे बटण) दोन-तीन अंशांनी वाढवून भिंती आणि सामान तापवून घ्यावे.

वीज गेल्यावर सर्वांनी एकाच खोलीत राहावे. शक्यतो दक्षिणेकडे खिडकी असलेली, आकाराने लहान खोली निवडावी, दाराच्या फटीत टॉवेल गुंडाळून ठेवावा, दिवसा ऊन आत घ्यावे आणि सूर्य मावळताच खिडक्यांवर गोधड्या टांगाव्यात. एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ थर अधिक ऊब देतात. डोके आणि पाय झाकावेत, मोजे ओले झाल्यास लगेच बदलावेत. देवघरातील समई किंवा मेणबत्ती उजेडासाठी जळती ठेवून झोपी जाऊ नये. बॅटरीचे दिवे वापरावेत. मद्याने ऊब येते हा भ्रम आहे, कारण त्याने त्वचेकडे रक्त धावते आणि शरीराची उष्णता उलट लवकर निघून जाते.

नळांकडेही लक्ष हवे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि त्या दाबाने नळी फुटते. ती फुटल्याचे बहुधा कळते ते बर्फ वितळून तळघरात पाणी साचल्यावर. बाहेरच्या भिंतीलगतच्या नळांतून बारीक धार सोडून ठेवावी, सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत, आणि पाण्याची मुख्य चावी कोठे आहे व ती कशी बंद करायची हे घरातील प्रत्येक प्रौढ माणसाला आधीच दाखवून ठेवावे.

चौथी पायरी : कार्बन मोनॉक्साइडपासून घर जपावे

या लेखातील एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात कडाक्याची थंडी पडून लाखो घरांची वीज गेली. राज्य सरकारच्या मोजणीनुसार त्या संकटात २४६ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांत कार्बन मोनॉक्साइड या इंधन जळताना निघणाऱ्या विषारी वायूने गुदमरलेलीही होती. घर तापवण्यासाठी कोणी कोळशाची ग्रिल आत आणली, कोणी गॅरेजमध्ये मोटार सुरू करून तिच्या उबेत बसले.

आपल्या मनाला ही चूक चूक वाटत नाही, याचे कारण आठवणीत आहे. गावाकडच्या कौलारू घरात शेगडी पेटवली, चुलीभोवती शेकत बसले, तरी धूर कौलांच्या फटींतून निघून जात असे. येथील घर वारा आत येऊ नये अशा बेताने बंदिस्त बांधलेले असते, आणि हा वायू धुरासारखा डोळ्यांत जात नाही. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून कोळशाची ग्रिल, कोळशाची शेगडी किंवा कॅम्पिंगची चूल घरात पेटवू नये, गॅरेजमध्येही नाही, गॅरेजचे दार उघडे ठेवूनही नाही. गॅसची शेगडी स्वयंपाकासाठी वापरावी, खोली तापवण्यासाठी नव्हे. जनरेटर घरापासून किमान वीस फूट दूर, दारेखिडक्यांकडे त्याचा धूर येणार नाही अशा दिशेने ठेवावा.

फर्नेस चालू असतानाही धोका संपत नाही. अलीकडच्या अनेक फर्नेसचा धूर छतावरील धुराड्यातून न जाता बाहेरच्या भिंतीतून, गुडघ्याएवढ्या उंचीवर निघालेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळीतून जातो. बर्फाच्या ढिगाखाली ही नळी गाडली गेली की फर्नेस बंद पडते, किंवा विषारी वायू घरात परततो. आपल्या घराची नळी कोणत्या भिंतीत आहे हे उन्हाळ्यातच पाहून ठेवावे आणि वादळात, बाहेर पाऊल टाकणे सुरक्षित असेल तेव्हा, तिच्याभोवतीचा बर्फ हाताने दूर करत राहावा.

प्रत्येक मजल्यावर, विशेषतः झोपण्याच्या खोल्यांजवळ, बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा. घरातील दोघातिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळ आणि चक्कर सुरू झाली, आणि दाराबाहेर मोकळ्या हवेत उभे राहिल्यावर बरे वाटले, तर ती सर्दी समजू नये. झोपलेल्यांना उठवून सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे, ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा, आणि अग्निशमन दलाने सांगितल्याशिवाय परत आत जाऊ नये.

पाचवी पायरी : बाहेर पडण्याची एक वाट मोकळी ठेवावी

अमेरिकन घराला पुष्कळदा दोन दारे असतात; आतले दार आत उघडते आणि बाहेरचे काचेचे ‘स्टॉर्म डोअर’ बाहेर. बाहेर दोन फूट बर्फ साचला की हे दुसरे दार हलत नाही आणि आग लागल्यास घराचा सापळा होतो. यासाठी फावडे गॅरेजमध्ये न ठेवता घराच्या आत ठेवावे आणि दर काही तासांनी दार थोडे उघडून त्यापुढचा बर्फ ढकलून द्यावा. छतावरचे ओझे खालूनच, लांब दांड्याच्या रेकने (दाताळ्यासारख्या अवजाराने) ओढून कमी करता येते. शिडी लावून वर चढू नये. आतली दारे अचानक घट्ट बसू लागली किंवा छताखाली नवे तडे दिसले, तर तो भाग रिकामा करावा.

सहावी पायरी : बर्फ उपसताना हृदयाचा विचार करावा

थंड हवेने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि त्याच वेळी वर्षभर बैठे काम करणारे शरीर एकाएकी ओझे उचलू लागते. दरवर्षी बर्फ उपसताना माणसे दगावतात ती यामुळे. आपल्या समाजात मधुमेह आणि हृदयविकार कमी वयात दिसतात, हे ध्यानात घेता पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी हे काम व्यायाम समजून अंगावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाबा कितीही आग्रहाने ‘मी करतो’ म्हणाले तरी त्यांच्या हाती फावडे देऊ नये. इतरांनीही भरपेट जेवून लगेच बाहेर जाऊ नये, बर्फ उचलण्याऐवजी ढकलावा, आणि फूटभर साचण्याची वाट न पाहता चार-चार इंचांचा थर काढत राहावे. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, दम अटकला, तर काम तेथेच टाकून ९११ ला फोन करावा.

बाहेर असताना बोटे, नाक किंवा कान बधिर झाले आणि त्वचा पांढरट किंवा, सावळ्या वर्णावर, राखेसारखी दिसू लागली, तर आत येऊन तो भाग कोमट पाण्यात धरावा. चोळू नये आणि हीटरसमोर धरू नये, कारण बधिर त्वचा भाजल्याचे कळत नाही. एखाद्याचे बोलणे जड झाले, तो गोंधळल्यासारखा वागू लागला किंवा कुडकुडणे अचानक थांबले, तर शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीखाली गेले आहे असे समजून त्याला कोरड्या कपड्यांत गुंडाळावे आणि मदत मागवावी.

सातवी पायरी : वादळ ओसरल्यावर

रस्ते खुले झाल्याची अधिकृत घोषणा होईपर्यंत मोटार काढू नये. प्रवासबंदी असताना रुतून पडलेली एक मोटार मागून येणाऱ्या बर्फ काढणाऱ्या गाडीची आणि रुग्णवाहिकेची वाट अडवते. मोटार सुरू करण्याआधी तिचा धूर बाहेर सोडणारी मागची नळी बर्फातून मोकळी केली आहे ना, हे वाकून पाहावे. दार न उघडलेला फ्रिज वीज गेल्यावर सुमारे चार तास अन्न थंड राखतो, आणि काठोकाठ भरलेला फ्रीझर अठ्ठेचाळीस तास. त्यापुढचे दूध, मांस आणि शिजवलेले अन्न वास न घेता टाकून द्यावे. शेजारी एकटे राहणारे वृद्ध असतील तर प्रथम त्यांचे दार ठोठवावे. नंतर आपल्या अंगणासमोर अग्निशमन दलाचा हायड्रंट (बंबाला पाणी देणारा नळ) असल्यास त्याच्याभोवती तीन फूट बर्फ काढून रस्त्यापर्यंत वाट करावी, कारण बर्फात गाडलेला हायड्रंट शोधण्यात बंबाची अनेक मिनिटे जातात.