सहलीतले खेळ: निघण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी कोण कोण येणार ते वयासकट लिहून काढा. सगळ्यात धाकटं पोर किती वर्षांचं, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला उन्हात फार वेळ उभं राहवत नाही, हे कागदावर आलं की निम्मे खेळ आपोआप ठरतात. दिवसभरासाठी पाच-सहा खेळ भरपूर झाले. पळापळीचे खेळ सकाळी उरकायचे आणि जेवणानंतर मूकाभिनयासारखे बैठे खेळ घ्यायचे. त्याच्या चिठ्ठ्या घरूनच लिहून न्या, तिथे कुणाला काही सुचत नाही.

खेळ निवडताना माझी एकच कसोटी असते: यात कोण बाहेर बसणार? संगीत खुर्चीत बहुधा सगळ्यात लहान मूल आधी बाद होतं आणि मग हिरमुसून बघत बसतं. त्यापेक्षा जुनी वर्तमानपत्रं न्या. गाणं थांबलं की सगळ्यांनी कागदावर उभं राहायचं; दर फेरीला एक कागद कमी करायचा, माणूस मात्र एकही कमी करायचा नाही. शेवटच्या कागदावर आजीला धरून सगळे एका पायावर तोल सांभाळतात, तेव्हा खरी मजा येते.

रस्सीखेच ठेवणार असाल तर दोराकडे नीट लक्ष द्या. दोर सुती किंवा तागाचा, मुठीत भरेल इतका जाड हवा. नायलॉनचा नकोच, तो ताणला जातो आणि तुटला तर सपकन उलटा येतो. हा खेळ १९०० ते १९२० या काळात ऑलिंपिकमध्येही होता. अधिकृत सामन्यात एका संघात ८ जण असतात आणि समोरच्यांना ४ मीटर ओढावं लागतं. घरच्या खेळाला २ मीटर पुरे. दोन्हीकडे आठ-आठ जण असतील तर २५ मीटर दोर घ्या, मध्यावर रंगीत फडकं बांधा. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, हे सुरुवातीलाच सगळ्यांना बजावा. हसतखेळत बोटं मोडतात ती इथेच.

तीन पायांच्या शर्यतीसाठी मऊ कापडाच्या पट्ट्या फाडून ठेवा. घोट्याच्या वर बांधायच्या, गाठ ओढताच सुटेल अशी. पाण्याने भरलेले फुगे टाळा, त्यांचे तुकडे गवतात राहतात आणि जनावरांच्या पोटात जातात. त्याऐवजी दोन बादल्या आणि मोठे स्पंज घ्या; स्पंजाने पाणी वाहून कुणाची बादली आधी भरते ते बघायचं. खजिन्याच्या शोधाला सहा-सात चिठ्ठ्या पुरतात, फक्त कुठली कुठे लपवली याची यादी स्वतःच्या खिशात ठेवा.

संघ पाडायला वयानुसार नावांचे तीन ढीग करून प्रत्येकातून चिठ्ठ्या काढा. कर्णधारांना निवडायला सांगितलं की कुणीतरी शेवटपर्यंत उभं राहतं.

पिशवीत शिट्टी, रेषा आखायला फीत, कात्री, पट्टी-मलम, काटे काढायला चिमटा आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. पोचल्यावर खेळ मांडण्याआधी दोघांनी मैदान पायाखाली घालावं: दगड, खड्डे, काच, मुंग्यांची वारुळं. जागा धड नसेल तर शर्यती सरळ रद्द करा आणि कागदांचा खेळ आधी घ्या.