इंग्लिशमध्ये ‘किती वेळा’ कसं सांगायचं: आठ दिवसांनी, दिवसाआड, कधीतरी आणि बाकीचं

खानापूर, निपाणी, बेळगाव साइडला मराठी मीडियमला शिकून आता उद्यमबागेत फाउंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये इंटरव्ह्यूला जाणाऱ्या पोरापोरींसाठी मेनली हे लिहितोय, पण दवाखान्यात, बँकेत किंवा बेंगळुरूच्या फोनवर ज्यांना इंग्लिश बोलावं लागतं त्यांनाही उपयोगी पडेल. ‘हाउ ऑफन’ने सुरू होणारा प्रश्न कुठंही येतो, मशीनचं ऑइल किती दिवसांनी बदलता, गोळी दिवसातून किती वेळा घेता, गावाकडं किती वेळा जाता, आणि इथं उत्तर चुकलं तर नुसतं व्याकरण चुकत नाही, माहितीच चुकीची जाते.

सगळ्यात आधी आपली मोजायची पद्धत बघा. आपण ‘आठ दिवसांनी’ म्हणतो तेव्हा आठवडा म्हणायचं असतं, म्हणजे सातच दिवस, कारण आपण आजचा दिवस पण धरतो. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे दोन आठवडे, चौदा दिवस. हे सरळ उचलून ‘एव्हरी एट डेज’ म्हटलं की ऐकणारा खरोखर आठ दिवस मोजतो, मग शनिवारचा बाजार पुढच्या खेपेला रविवारी जातो, त्याच्या पुढच्या खेपेला सोमवारी! म्हणून आठ दिवसांनी असेल तर ‘वन्स अ वीक’ नाहीतर ‘एव्हरी वीक’ म्हणा, पंधरा दिवसांनी असेल तर ‘एव्हरी टू वीक्स’. वार ठरलेला असेल तर अजून सोपं, ‘ऑन सॅटर्डेज’ म्हटलं की दर शनिवार आलाच त्यात. दिवसाआडला ‘एव्हरी अदर डे’ म्हणा, आपल्याकडं ‘ऑन अल्टरनेट डेज’ पण सगळ्यांना कळतं. नळाला पाणी दिवसाआड येत असेल तर ‘वॉटर कम्स एव्हरी अदर डे’, झालं.

एकदा, दोनदाला ‘वन्स’, ‘ट्वाइस’, आणि तीनपासून पुढं ‘थ्री टाइम्स’, ‘फोर टाइम्स’. ‘थ्राइस’ आपल्या देशात चालतो पण बाहेरच्या माणसाला जुनाट वाटतो, तेव्हा ‘थ्री टाइम्स’ची सवय लावलेली बरी. त्याच्यापुढं ‘अ डे’, ‘अ वीक’, ‘अ मंथ’ जोडायचं, ‘ट्वाइस अ डे’, मध्ये ‘इन’ घालायची गरज नाही.

आता नुसते शब्द. नेहमी म्हणजे ‘ऑलवेज’, बहुतेक वेळा ‘युज्वली’, बऱ्याचदा ‘ऑफन’, कधीकधी ‘समटाइम्स’, क्वचित ‘रेअरली’, जवळजवळ नाहीच ‘हार्डली एव्हर’, आणि कधीच नाही ‘नेव्हर’. पुस्तकात याच्यासमोर टक्के लिहिलेले असतात ते पाठ करत बसू नका, ते अंदाजे असतात आणि प्रत्येक पुस्तकात वेगळे असतात, क्रम लक्षात ठेवला की बास. ‘ऑफन’मधला ‘ट’ म्हटला तरी बरोबर, नाही म्हटला तरी बरोबर, त्यावरून कुणी हसलं तर मनावर घेऊ नका. ‘सेल्डम’ वाचताना कळला पाहिजे पण बोलताना ‘रेअरली’च बरा वाटतो.

‘ऑलवेज’ आणि ‘युज्वली’त फरक काय ते आपल्याच अधिवेशनावरून बघा की. बेळगावातला सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, 2012 ला सुरू झाला, तिथं हिवाळी अधिवेशन बहुतेक डिसेंबरात असतं, पण 2017 ला ते नोव्हेंबरात झालं आणि 2019, 2020 ला बेळगावात झालंच नाही. म्हणून तिथं ‘युज्वली इन डिसेंबर’ हेच बरोबर, ‘ऑलवेज’ खोटं ठरतं. एक जरी अपवाद आठवत असेल तर ‘ऑलवेज’ वापरू नका, इंटरव्ह्यू घेणारा तो अपवाद बरोबर विचारतो.

शब्द कुठं ठेवायचा? ॲम, इज, आर असेल तर त्याच्यानंतर, ‘द बस इज ऑफन लेट’. साधं क्रियापद असेल तर त्याच्या आधी, ‘द बस ऑफन कम्स लेट’. हॅव, कॅन, विल असेल तर तो आणि मुख्य क्रियापद यांच्या मध्ये, ‘आय हॅव नेव्हर वर्क्ड ऑन नाइट शिफ्ट’. पण ‘वन्स अ वीक’, ‘एव्हरी डे’, ‘डेली’ हे सहसा वाक्याच्या शेवटी. आपल्याकडं ‘डेली आय गो बाय बस’ सर्रास ऐकू येतं, कारण मराठीत ‘रोज’ पुढंच येतो, पण ‘आय गो बाय बस एव्हरी डे’ जास्त नीट वाटतं. ‘समटाइम्स’ आणि ‘युज्वली’ वाक्याच्या सुरुवातीला आले तरी चालतात, ‘ऑलवेज’ नाही, हां, सूचना देताना मात्र तोच पहिला येतो, ‘ऑलवेज वेअर ग्लव्हज’.

‘नेव्हर’च्या पोटातच ‘नाही’ आहे. आपण मराठीत ‘कधीच जात नाही’ म्हणतो, कन्नडात बोललं तरी शेवटी ‘इल्ला’ लागतोच, म्हणून इंग्लिशमध्ये पण तोंडातून ‘आय डोन्ट नेव्हर गो’ निघतं. ‘आय नेव्हर गो’ एवढंच बास. ‘रेअरली’ आणि ‘हार्डली एव्हर’ला पण हाच नियम, त्यांच्याबरोबर ‘नॉट’ नको.

‘हार्डली’बद्दल जरा थांबून वाचा, कारण हा शब्द नोकरी घालवू शकतो. मेहनत करतो म्हणायचं असेल तर ‘आय वर्क हार्ड’. ‘आय हार्डली वर्क’ म्हटलं तर ‘मी जवळजवळ कामच करत नाही’ असं होतं, तेही एचआरच्या समोर बसून.

दुसरी सवय म्हणजे सगळीकडं ‘इंग’ लावायची. ‘आय ॲम डेली गोइंग टू बेळगाव’ नको, सवयीची गोष्ट असेल तर साधं ‘आय गो टू बेळगाव एव्हरी डे’. त्यात ‘ऑलवेज’बरोबर ‘इंग’ आला की बऱ्याचदा तक्रारीचा सूर येतो. ‘ही इज ऑलवेज कॉलिंग मी’ म्हणजे ‘सारखा फोन करून डोकं खातोय’ असं. साहेबांबद्दल चांगलं बोलायला जाल आणि कुरकुर केल्यासारखं होईल.

आपले दोन शब्द पण फसवतात. ‘कधीतरी घरी ये’ मधला कधीतरी म्हणजे ‘समटाइम’, शेवटी ‘स’ नाही, ‘कम ओव्हर समटाइम’. ‘कधीतरी जातो मी तिकडं’ मधला मात्र ‘समटाइम्स’. तसंच ‘तो बहुतेक येईल’ म्हणजे ‘प्रॉबेबली’, आणि ‘तो बहुतेक वेळा येतो’ म्हणजे ‘युज्वली’. बोलायच्या आधी बघा, आपण शक्यता सांगतोय की सवय.

प्रॅक्टिस करायची तर कुठल्याही शॉपमधल्या मेंटेनन्सच्या कामांची यादी घ्या आणि प्रत्येक कामाचं पूर्ण वाक्य मोठ्यानं बोला. ‘वी चेक द ऑइल लेव्हल एव्हरी मॉर्निंग.’ ‘वी क्लीन द फिल्टर वन्स अ वीक.’ ‘द बेल्ट हार्डली एव्हर ब्रेक्स.’ घरचं पण घ्या, आई उपास किती वेळा धरते, सौंदत्तीला यल्लम्माला वर्षातून किती वेळा जाता, गॅस किती दिवसांनी संपतो, सगळं चालतं.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. ‘एव्हरी’ आणि ‘डे’ सुटे लिहिले तर ‘रोज’, जोडून लिहिले तर ‘रोजच्या वापरातला’, म्हणजे रोजच्या चपला असतील तर जोडून. आणि ‘बायवीकली’ हा शब्द ईमेलमध्ये अजिबात वापरू नका, कारण त्याचा अर्थ आठवड्यातून दोनदा पण होतो आणि दोन आठवड्यांतून एकदा पण होतो. जे म्हणायचंय तेच सरळ लिहा, ‘ट्वाइस अ वीक’ किंवा ‘एव्हरी टू वीक्स’, आणि पुढच्या खेपेची तारीख टाका.